एकसंध वायर

४ नोव्हेंबर

बारक्या,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. डोंगरावरच्या त्या वेधशाळेत थंडी किती पडली ते तीन पानं लिहिलंस, आणि स्वतःच्या खोकल्याबद्दल एक ओळ. वाऱ्याचा वेग मोजता मोजता माणूस मोजायचं विसरलास तू.

फोन का उचलत नाही म्हणून विचारतोस. तो वाजतो असं लोक सांगतात, मी काही ऐकत नाही. डावा कान गेलाच होता, आता उजव्यानेही राजीनामा दिला, कानाशी ओरडलं तरच कळतं. ह्यांचा आवाज नाकातल्या नळीमुळे खोलीबाहेर येत नाही. तेव्हा आपली पत्रंच बरी. आम्ही दोघांनी एक युक्ती काढली आहे. ह्यांच्या बोटाला आणि माझ्या मनगटाला एकच लांब सुती दोरी बांधली आहे. घरभर तिला घेऊन फिरते. एक हिसका म्हणजे पाणी, दोन म्हणजे ये, तीन म्हणजे श्वास. तीन अजून आलेले नाहीत. मी उलट दोन दिले की ‘आलेच’.

डॉक्टरांनी आता ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र सांगितलं आहे. मागच्या खोलीत ठेवलंय, तिथे ऊन येतं आणि न्हाणीघर लागून आहे. थंडी ह्यांना सोसत नाही म्हणून हीटरही तिथेच. पण दोन्ही एकदम चालले की पुढच्या बोर्डातला फ्यूज उडतो. मशीन थांबलं की ते ओरडतं म्हणे. ओरडू दे बापडं, ऐकायला कोण आहे? कोपऱ्यात सिलिंडर आहे, पण तो जोडायला माझ्या थरथरत्या हातांना चार मिनिटं लागतात.

वायरमन म्हणतो, फ्यूजचे हे चिनी मातीचे कटआउट आता जुने झाले, सगळा बोर्डच बदला. पण तो नानांनी स्वतःच्या हातांनी बसवलेला आहे रे. तो उतरवायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. घरातलं वायरिंग तू आणि नानांनी, बापलेकांनी मिळून केलंत, तेव्हा तू सांगशील तसं करते.

आणि एक. मागच्या वेळी तुझी दोन पत्रं एकदम आली. मी नियम मोडला नाही हो. पहिल्याचं उत्तर पुरं करून टाकलं, मगच दुसरं फोडलं. हातातलं काम हातावेगळं केल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हे नानांनी तुला जोडणी शिकवताना सांगितलं आणि मला तू वसतिगृहात गेल्यावर. दुसऱ्या पाकिटावर तू ‘तातडीचे’ लिहिलं होतंस. आत काय, तर लोकरी मोजे पाठव. शाळेतही तेच करायचास.

ताई

---

११ नोव्हेंबर

ताई,

मोजे ही या उंचीवर तातडीचीच गोष्ट आहे. तू येऊन बघ.

बोर्ड बदलून टाक. अजिबात हळहळू नकोस. नाना असते तर त्यांनीच दहा वर्षांपूर्वी बदलला असता आणि वर आपल्याला ऐकवलं असतं की तुम्ही घर अंधारात ठेवलंत. प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी घ्यायला सांग. भार जास्त झाला की तो आपोआप पडतो, पुन्हा वर केला की झालं. फ्यूजची तार शोधत बसायला नको. अर्थिंग नवीन करून घे. वायरमन कसा आहे? बोलतो फार की काम करतो? दोन्ही करणारे मी फक्त नाना पाहिले, आणि तेही बोलले तर रागावण्यापुरतं.

वायरिंगला हात लावायची गरज नसावी. बोर्ड तेवढा बदला.

दाजींना माझा नमस्कार सांग. दोरीची युक्ती त्यांचीच असणार. तुला एवढं सुचत नाही.

आमच्याकडे खालून गाडी आठवड्यातून एकदाच येते, मंगळवारी. पत्राला उशीर झाला तर काळजी करू नकोस.

तुझा बारक्या

---

२४ नोव्हेंबर

बारक्या,

नवा बोर्ड बसला. पांढराशुभ्र आहे, दवाखान्यातल्या कपाटासारखा. नानांचा सागवानी बोर्ड मी पुसून माळ्यावर ठेवला. उतरवताना मागे पेन्सिलीने तारीख आणि नानांची सही सापडली. वायरमन दोन मिनिटं बघत राहिला. म्हणाला, “असं काम आता कोणी करत नाही बाई.”

पण सुख माझ्या नशिबी आहे का? मागच्या खोलीचा दहा अँपिअरचा एमसीबी दिवसातून तीनदा पडतो. मशीन, हीटर आणि न्हाणीघरातला गीझर, तिन्ही त्याच एका वायरवर. आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखं झालंय. वायरमनला म्हटलं, तुझा नवा बोर्ड भांडकुदळ आहे. तो हसला नाही. म्हणाला, “तो भांडत नाही, राखण करतो.”

परवा सकाळी मी पुढच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि तीन हिसके आले. पहिल्यांदाच. धावले. ह्यांचे ओठ निळे पडले होते. सिलिंडर जोडताना माझ्या हातून चावी दोनदा पडली. नंतर हेच माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, मीच रडत होते म्हणून.

आता तुझ्यासाठी एक प्रश्न. वायरमन म्हणतो, मोठा एमसीबी टाकला तर पडणार नाही, पण मग सगळा भार भिंतीतल्या वायरवर येईल. त्याने टोकं तपासली, वायर जाड आणि चांगली आहे म्हणाला. मात्र मधे भिंतीत कुठे जोड आहे का, ते बाहेरून दिसत नाही. जोड असेल तर भिंत फोडून नवी वायर ओढावी लागेल. म्हणजे आठ दिवस धूळ, आणि ह्यांना धूळ म्हणजे विष. एकसंध असेल तर हिवाळाभर चालेल, मग उन्हाळ्यात करू म्हणतो. त्याने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, ज्याने ती वायर ओढली त्यालाच विचारते. मागची खोली तू एकट्याने केली होतीस ना? नानांनी तुला त्यांची पक्कड दिली ती त्याच दिवशी. उत्तर लवकर पाठव.

ताई

---

२ डिसेंबर

ताई,

दाजींचं दोनदा वाचलं.

मागच्या खोलीची वायर बोर्डापासून खोलीपर्यंत एकसंध आहे. नानांनी स्वतः पाहून पसंत केली होती. वायरमनला तसं सांग.

तरीपण मोठा एमसीबी टाकायची घाई करू नये असं मला वाटतं. गीझर आणि हीटर एकदम लावू नकोस, एवढं सांभाळलंस तरी पुरे. लिहायला बरंच होतं पण गाडी निघतेय.

बारक्या

---

१५ डिसेंबर

बारक्या,

तुझं पत्र म्हणजे चिठ्ठीच होती, पण काम झालं. वायरमनपुढे धरलं आणि म्हटलं, हे बघ माझ्या भावाचं अक्षर. त्याने वाचलं, मान हलवली. आता एमसीबी पडत नाही. कसं जमलं ते विचारू नकोस, जमलं एवढं खरं. तुझ्या सगळ्या सूचना मी मनात ठेवल्या आहेत.

गेले सहा दिवस एकदाही मशीन थांबलेलं नाही. हे पलंगावर बसून पेपर वाचतात. परवा मला म्हणाले, म्हणजे पाटीवर लिहून दाखवलं, की तुझ्या भाकऱ्या करपायला लागल्यात, तुझं लक्ष कुठे असतं. मी म्हटलं, आता माणूस सुधारायला लागला.

तुला एक गंमत सांगते. पलंगाच्या उशाकडची भिंत आहे ना, ती अलीकडे ऊबदार लागते. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि हे त्या भिंतीला पाठ टेकून बसतात. म्हणतात, सासरेबुवांनी जावयासाठी सोय करून ठेवली. ऊन दुपारून त्या बाजूला येत असेल बहुतेक. तिथे रंग जरासा तपकिरी झालाय, ह्यांच्या डोक्याच्या तेलाने असेल.

खोलीत मासळीसारखा वास येतो मधूनमधून. छतात उंदीर मेला असणार, माणूस बोलावून काढून घेईन. काल शेजारीण आली होती. ती भिंतीकडे बघत म्हणाली, इथे काहीतरी गुणगुणतंय. मी म्हटलं, बाई, मशीन आहे ते. ती म्हणाली, मशीन इकडे आहे, आवाज तिकडून येतोय. तिला मेलीला सगळीकडून आवाज येतात, आणि मला कुठूनच नाही.

खोकला कसा आहे?

ताई

---

२३ डिसेंबर

ताई,

पत्र आजच मिळालं, आणि खालची गाडी अर्ध्या तासात परत निघेल.

उशाकडची भिंत नेमकी कुठे ऊबदार लागते? खिडकीच्या डावीकडे, कमरेच्या उंचीवर का? हीटर काही दिवस बंदच ठेव. दाजींना दोन पांघरुणं जास्त दे. पलंग समोरच्या भिंतीकडे सरकव. वायरमनला एकदा बोलावून भिंतीला हात लावून बघायला सांग. उगाच घाबरू नकोस, खबरदारी म्हणून म्हणतोय.

एमसीबी कसा पडायचा थांबला ते मला लिही. लपवू नकोस.

बारक्या

---

२७ डिसेंबर

ताई,

हे वाचायच्या आधी उठ, पुढे जा आणि मेन स्विच खाली कर. दाजींना सिलिंडर लाव. मग बस आणि वाच.

मागच्या खोलीची वायर एकसंध नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. नाना गावाबाहेर कामाला गेले होते आणि ती खोली त्यांनी माझ्यावर सोपवली होती. भिंतीतली नळी प्लास्टरने बंद करायची वेळ आली तेव्हा वायर दोन हात कमी पडली. दुकान बंद होतं. संध्याकाळी नाना येणार होते. मी उरलेला एक तुकडा घेतला, दोन्ही टोकं बोटांनी पिळली, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लास्टर ओढलं. तुला आठवत असेल, जोड दिसला की नाना काय करायचे. सगळं उचकटून पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे, आणि महिनाभर बोलायचे नाहीत.

नाना आले. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला. विचारलं, एकसंध आहे ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, “याला म्हणतात काम.” आणि स्वतःची पक्कड माझ्या हातात दिली. आयुष्यात त्यांनी मला एवढं एकदाच म्हटलं. ती पक्कड आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. एकतीस वर्षं मी तिने एक खिळासुद्धा उपटलेला नाही.

तिथे एक दिवा आणि एक पंखा होता तोवर जोड झोपून राहिला. आता त्याच्यावर हीटर आणि गीझर आहे. ती ऊब उन्हाची नाही. तो वास उंदराचा नाही. शेजारीण खरं बोलत होती. जोड खिडकीच्या डावीकडे, कमरेच्या उंचीवर, म्हणजे बरोबर दाजींच्या पाठीमागे आहे.

तू मला सरळ विचारलं होतंस आणि मी पुन्हा खोटं बोललो. या वेळी नाना नव्हते, तरी बोललो. माझी लाज वाटते मला.

वादळाने इथला फोन बंद आहे. रस्ता वाहून जाण्याआधी गाडी मधेच एक फेरी करतेय, ड्रायव्हरच्या हातात पत्र देतोय. खाली पोचला की तो तुमच्याकडे फोनही लावेल, पण तो उचलणार कोण? वायरमनचा की शेजारणीचा नंबरही माझ्याकडे नाही. पाकिटावर ‘तातडीचे, लगेच उघड’ लिहितोय. ताई, या वेळी ते खरं आहे.

बारक्या

---

२ जानेवारी

बारक्या,

तुझं तेवीस तारखेचं पत्र परवा मिळालं, त्याचं हे उत्तर. लिहायला बसले आणि पोस्टमन तुझं दुसरं जाडजूड पाकीट घेऊन दारात. वर ‘तातडीचे, लगेच उघड’, आणि खाली तीन रेघा. या वेळी काय हवंय, कानटोपी? पोस्टमनला पायरीवर बसवून पाणी दिलंय, म्हणजे हे उत्तर त्याच्याच हाती जाईल आणि नियमही पाळला जाईल. पाकीट कमरेला खोचून ठेवलंय.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. लपवू नकोस म्हणालास म्हणून सांगते. मी बत्तीसचा एमसीबी बसवून घेतला. वायरमन नको नको म्हणत होता, पण तुझं पत्र दाखवल्यावर त्याचं तोंड बंद झालं. तू रागावशील म्हणून लिहिलं नाही. पण तू ते निळे ओठ पाहिले नाहीस. लांबून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

भिंत हो, खिडकीच्या डावीकडेच, कमरेच्या उंचीवर. तुला कसं कळलं? आता चांगलीच गरम लागते. पलंग हलवायचं ह्यांच्यापाशी काढलं तर पाटीवर लिहितात, “माझी ऊब काढू नका.” दिवा मधेच फडफडतो, पण विझत नाही. हीटर बंद करून पाहिला. तासाभरात ह्यांना हुडहुडी भरली, पुन्हा लावला. वायरमन बाहेरगावी आहे, सोमवारी येतो म्हणाला.

आज ह्यांना आठ दिवसांनी अंघोळ घालायची आहे. गीझर लावलाय, पाणी तापतंय. अंघोळ उरकली, ह्यांना भिंतीशी टेकवून बसवलं की तुझं पाकीट निवांत फोडते. लांबलचक पत्र वाचायला मला सवड लागते.

पोस्टमन उठला.

ताई

---

१४ जानेवारी

ताई,

दोन तारखेचं पत्र पायी वर आलेल्या टपालवाल्याकडून मिळालं. माझं सत्तावीसचं वाचलंस ना? फक्त हो किंवा नाही लिही. रस्ता गाडीला बंद आहे. मी पायी निघायला बघतोय, खोकल्यामुळे मला सोडत नाहीत.

बारक्या

---

५ फेब्रुवारी

ताई, दाजी कसे आहेत? एक ओळ पाठव. शिव्या दे, पण लिही.

बारक्या

---

११ मार्च

बारक्या,

तुझ्या सत्तावीस डिसेंबरच्या पत्राचं हे उत्तर.

पोस्टमन गेला. मी न्हाणीघरात बादली भरायला लागले. दोरी मनगटाला होती. दोन हिसके आले. मला वाटलं, पाणी झालं का विचारताहेत. मी उलट दोन दिले, आलेच म्हणून. मग तीन आले. मी बादली टाकून वळले तोवर पुन्हा तीन, आणि मग दोरी सैल पडली. मी ओढली. ती सरसर माझ्याकडे आली, सगळीच्या सगळी. टोक जळलेलं होतं.

दार उघडलं तेव्हा खोलीत फक्त उजेड होता. तेव्हाही बत्तीसचा एमसीबी पडला नव्हता. मला शेजारणीने ओढून बाहेर काढलं. तिने आधी खूप हाका मारल्या म्हणते.

पाकीट कमरेला खोचलेलं होतं म्हणून वाचलं. मी ते तीन आठवड्यांनी उघडलं. पहिलीच ओळ वाचली आणि उठून पुढे जायला निघाले, मेन बंद करायला. मग आठवलं.

वायरमन येऊन भिंत बघून गेला. काळ्या पडलेल्या दोन तारा आणि त्यांना चिकटलेलं थोडंसं काहीतरी, एवढंच होतं तिथे. त्याने मला दाखवलं. तो बिचारा स्वतःला दोष देतोय. मी त्याला तुझं दुसरं पत्रही दाखवलं, एकाच अक्षरातली दोन्ही. बाबा, तू दोनदा विचारलं होतंस, असं त्याला म्हटलं.

सगळा दोष तुझा नाही, हेही लिहून ठेवते. मोठा एमसीबी मी बसवला. तो बसवल्याचं तुझ्यापासून मी लपवलं. आणि माझ्या नवऱ्याचा जीव कमरेला खोचून मी पाणी तापवत बसले, कारण आधीचं उत्तर पुरं व्हायचं होतं, आणि मग अंघोळ उरकायची होती. तू नानांना भ्यालास आणि मी नानांचं ऐकलं. दोघंही गुणी मुलं. त्यांना एकदा खरं सांगितलं असतंस तर महिनाभर बोलले नसते, एवढंच ना रे? एक महिना.

नानांची पक्कड तुझ्याकडेच ठेव. मला या घरात ती नको.

माझ्या मनगटाला अजून वळ आहे. सकाळी उठल्यावर मी हात हलवून बघते.

जानेवारीपासून तुझी चार पत्रं आली आहेत. चारही उशीखाली आहेत, उघडलेली नाहीत. आत तू क्षमा मागितली असशील. हे उत्तर मी दीड महिना लिहितेय आणि ते अजून पुरं झालेलं नाही. जेवढं झालं तेवढं पाठवतेय, म्हणजे मी जिवंत आहे ते तुला कळावं. बाकीचं होईपर्यंत ती चार तशीच राहतील. नियम तुला माहीत आहे.

ताई